आईची आंघोळ आणि माझा उजवा खांदा

देवीवर माझा राग होता, हे लिहायला मला अजूनही संकोच वाटतो. राग होता म्हणजे देवघरात दिवा लागत नव्हता असं नाही. दिवा लागत होता, मंगळवारचा उपास चालू होता. पण हात जोडले की मनात एकच प्रश्न यायचा आणि पुढचं सगळं तिथेच अडायचं. आईला पडताना सावरलं, त्यात माझं काय चुकलं? चांगलं करायला गेलेला हातच तू का मोडलास? आणि मोडायचाच होता तर आत्ताच का, त्या हातावाचून आईचं काहीच होत नव्हतं तेव्हा?

आम्ही अकोल्याला जठारपेठेत राहतो. मी मुलींच्या शाळेत गणित शिकवते, हे कृषी विद्यापीठात नोकरीला आहेत, मुलगा नोकरीसाठी बाहेरगावी असतो. आई खरं तर अमरावतीची, दादा-वहिनीकडे राहणारी. चार दिवस म्हणून माझ्याकडे आली होती, तेव्हाच तिला अर्धांगवायूचा हलका झटका आला. जीव वाचला, बोलणंही परत आलं, पण डावी बाजू लुळी पडली. धरून चालवलं तर चार पावलं टाकायची. दादा तिला न्यायला आला तेव्हा ती नाही म्हणाली. तिला वहिनीकडून काही करून घ्यायचं नव्हतं. वहिनी वाईट नव्हती, दोघींचं कधी भांडणही झालं नव्हतं. पण आईच्या पिढीला सुनेसमोर पदर ढळणं ठाऊक नव्हतं. सुनेनं तिला जेवायला वाढायचं, तिनं सुनेला सणाला साडी घ्यायची, इतकंच त्यांचं नातं. लेकीसमोर मात्र तिला लाज नव्हती.

त्यामुळे शाळेत जाण्याआधी आईला आंघोळ घालणं हे माझं रोजचं काम झालं. न्हाणीत प्लास्टिकचं स्टूल ठेवायचं, तिला त्यावर बसवायचं, पाणी बेताचं कोमट करायचं. अंगावर पहिला तांब्या पडला की आई डोळे मिटून नद्यांची नावं घ्यायची. गंगा, यमुना, गोदावरी झाल्या की आमच्या भागातली पूर्णा, मग अमरावतीकडची पेढी, आणि अकोल्याला आल्यापासून इथली मोर्णासुद्धा. मोर्णेची आजची दशा बघून हे बाहेरून चिडवायचे, "आई, तिला कशाला बोलावता?" आई आतूनच म्हणायची, "गावची नदी हाय ते. तिले कसं वगळू?" मला तो वेळ फार आवडायचा. पूजेला बसल्यावर माझं मन कधी लागलं नसेल इतकं त्या वेळात लागायचं. आईची पाठ चोळताना वाटायचं, ही माझी पूजा आहे, आणि ती माझ्याचकडे आली आहे.

एका सकाळी आंघोळ आटोपून मी तिला उभं करत होते आणि साबणाच्या पाण्यावरून तिचा पाय सरकला. तिचा सगळा भार माझ्या उजव्या हातावर आला. मी तिला काखेतून घट्ट धरून ठेवलं. खांद्याच्या आत काहीतरी सटकल्यासारखं झालं, डोळ्यांपुढे अंधारी आली, पण आई खाली आपटली नाही. मी तिला हळूच परत स्टुलावर बसवलं, अंग पुसलं, गाऊन चढवला, केस विंचरले आणि शाळेत गेले. दुपारपर्यंत फळ्याच्या वरच्या ओळीपर्यंत माझा खडू पोचेना.

पुढचे काही महिने आम्ही तेल, शेक, मलम आणि गोळ्यांत घालवले. पहिल्या डॉक्टरांनी खांदा आखडला आहे असं सांगितलं. व्यायाम झाले, इंजेक्शन झालं. मी डाव्या हातानं तांब्या धरून आईला आंघोळ घालत राहिले. तिला उठवताना ओठ दाबून धरायची, म्हणजे तोंडातून आवाज निघणार नाही. पण आईला ते कळत होतं. एक दिवस पाठीला साबण लावत असताना ती म्हणाली, "कावून धरलं वं मले तवा? पडू द्यायचं होतं."

"असं काय बोलतेस आई?"

"माहे हाडं जुने झाले. मोडले असते तं मोडले असते. तुहा हात कामाचा व्हता."

त्या दिवसापासून आई बदलली. पाणी कमी प्यायला लागली, म्हणजे सारखं उठवावं लागू नये. आंघोळीचं विचारलं तर म्हणायची, आज राहू दे, थंडी वाजून राहिली. अकोल्यात चैत्र तापला होता, पंखा गरम हवा फेकत होता, आणि माझी आई मला थंडी वाजते म्हणून सांगत होती. एवढं खोटं ती आयुष्यात कधी बोलली नसेल. मी जबरदस्तीनं तिला न्हाणीत न्यायची. आता ती नद्यांची नावं घेत नव्हती. डोळे मिटून पटकन आटोपण्याची वाट बघत बसायची.

शेवटी मोठ्या डॉक्टरांकडे गेलो. खांद्यात औषध टोचून एमआरआय काढला. डॉक्टरांनी कागदावर चित्र काढून समजावलं. खांद्याची खोबण उथळ असते, तिच्या कडेनं कूर्चेचं, म्हणजे मऊ हाडाचं, एक रिंगण असतं, त्यानं हाड जागेवर बसतं. माझ्या खांद्यात ते रिंगण वरच्या बाजूनं फाटून सुटलं होतं. "तुमच्या वयाला आम्ही ऑपरेशनची घाई करत नाही," ते म्हणाले, "पण व्यायाम करूनही खांदा निसटतोय. दुर्बिणीतून टाके घालावे लागतील. दीड महिना हात पट्ट्यात राहील. त्यानंतर सहा महिने वजन उचलायचं नाही."

"वजन म्हणजे किती?" मी विचारलं.

"भरलेली बादली नाही, घागर नाही." मग माझ्याकडे आणि ह्यांच्याकडे बघून म्हणाले, "आणि माणूस तर नाहीच."

घरी येऊन मी खूप रडले. खांद्यासाठी नाही. सहा महिने आईला कोण धरणार, या विचारानं. बाई ठेवून बघितली, आईनं तिला हात लावू दिला नाही. शेवटी दादा म्हणाला, "आता काही ऐकू नको. आईला मी नेतो." आम्हीच तिला गाडीनं घेऊन निघालो. मूर्तिजापूर गेलं, बडनेरा आलं, आई खिडकीबाहेर बघत होती. स्वतःच्या घरी चालली होती, तरी पाहुणी असल्यासारखी पिशवी मांडीवर धरून बसली होती. वहिनीनं तिची खोली आवरून ठेवली होती, न्हाणीत धरायला दांडा बसवून घेतला होता, खाली रबराची चटई टाकली होती. आईनं ते सगळं पाहिलं आणि म्हणाली, "कायले एवढा खटाटोप केला?" त्यात कौतुक नव्हतं, आणि वहिनीला ते कळलं.

परत निघण्याआधी मी एकटीच अंबादेवीला गेले. लहानपणापासून त्या देवळात मी जात आले आहे. परीक्षा, लग्न, मुलाचं आजारपण, प्रत्येक वेळी तिथे जाऊन काहीतरी मागितलं आणि मिळालं किंवा नाही मिळालं, पण मागताना मन मोकळं असायचं. त्या दिवशी तसं नव्हतं. उजवा हात कमरेच्या वर जात नव्हता, म्हणून डावा हात खाली नेऊन पोटाशीच जोडला. गर्दीत मागून धक्का बसत होता. मी मनात म्हटलं, देवी आई, मला लवकर बरं कर आणि तिला परत माझ्या हाती दे. तोवर तिला दुसऱ्या कुणाच्या हाती पडू देऊ नकोस. आज हे आठवलं की कसंतरी होतं. दुसऱ्या कुणाच्या हाती पडू देऊ नकोस म्हणजे तोवर माझ्या आईनं करायचं तरी काय होतं? पण तेव्हा मला ते मागणं अगदी रास्त वाटलं होतं. एका लेकीचं आईवरचं प्रेम, त्यात देवीलाही नाही म्हणण्यासारखं काही नव्हतं.

ऑपरेशनची तारीख येईपर्यंत रोज दादाकडून फोन येत होता. आई वहिनीला न्हाणीबाहेर उभं करून आतून कडी लावायची आणि एकटीच बसायची. चार शिंतोडे उडवायची आणि झाली आंघोळ म्हणायची. पाठीवर पुरळ उठलं होतं. तिला कुणी मलम लावू शकत नव्हतं. आत पडली तर काय, या भीतीनं दादा नोकरीवरून, कोर्टातून, दिवसातून दोनदा घरी फोन करायचा. एकदा वहिनीच फोनवर आली. "ताई, मी काय करू? हात लावू देत नाहीत. माझ्याकडून काही चुकलं का?" मी तिला समजावलं, मग आईशी बोलले. आई म्हणाली, "तू ये. मंग करीन आंघोळ." मी तिला रागावले. पण रागावताना आत कुठेतरी बरं वाटलं, हेही खरं आहे. आईला माझेच हात हवे आहेत, हे ऐकून कोणत्या लेकीला बरं वाटणार नाही?

ऑपरेशन अकोल्यालाच झालं. खांद्याची नस बधिर केल्यामुळे शुद्धीवर आल्यावरही उजवा हात माझा वाटत नव्हता. उशीच्या पट्ट्यात कुणीतरी दुसऱ्याचाच हात बांधून ठेवल्यासारखा तो माझ्या छातीशी पडून होता. खोलीत दोन खाटा होत्या. शेजारच्या खाटेवर गुडघ्याचं ऑपरेशन झालेली एक बाई होती. तिच्यासोबत तिची थोरली जाऊ आली होती. दर्यापूरकडच्या शेतकरी घरातल्या त्या, नाव वच्छलाबाई. साठीच्या असतील. सुती नऊवारी, कपाळावर मोठं कुंकू, आवाज असा की सलाईन लावायला आलेली नर्ससुद्धा दचकायची. आदल्या दिवशी मी त्यांच्याशी फारसं बोलले नव्हते. त्यांनी जावेसाठी आणलेली भाकर मला विचारली होती, मी नको म्हटलं होतं, एवढाच आमचा परिचय.

दुसऱ्या दिवशी सकाळी हे घरी कपडे बदलायला आणि डबा आणायला गेले. ते गेले आणि मला एकाएकी मळमळून आलं. भुलीचा परिणाम असेल. भांडं घ्यायला डावा हात पोचेपर्यंत उलटी झाली. अंगावर, पट्ट्यावर, चादरीवर, मोकळ्या केसांत. मी घंटी दाबली. नर्स दुसऱ्या खोलीत अडकली होती, मावशी खालच्या मजल्यावर होती. मी तशीच पडून राहिले. बावन्न वर्षांची बाई, वर्गात शिरली की पन्नास मुली गप्प होतात अशी, आणि मला स्वतःचं तोंड पुसता येत नव्हतं. वच्छलाबाई उठून माझ्याकडे यायला लागल्या तसं मी म्हटलं, "राहू द्या, नर्स येईल. मी थांबते."

त्यांनी ऐकलंच नाही. स्टीलच्या बादलीत गरम पाणी आणलं, दार लोटून घेतलं, पडदा ओढला. आधी तोंड पुसलं, मग मान, मग गाऊनच्या नाड्या सोडायला लागल्या. मी डाव्या हातानं गाऊन धरून ठेवला. डोळ्यांत पाणी आलं. "नको हो. तुम्ही नको," एवढंच मला म्हणता आलं.

वच्छलाबाई थांबल्या. ओला टॉवेल हातात तसाच होता. म्हणाल्या, "बाई, लाजून राहिल्या कावून? देवीले बी रोज न्हाऊ घालतेतच नं. आज हा पुजारी, उद्या तो. ते म्हणते का, मले अमक्याच्याच हातचं पायजे म्हून? जो येईल त्याच्या हातून न्हाते बिचारी."

असं म्हणून त्यांनी माझी बोटं एक-एक करून गाऊनवरून सोडवली. टाक्यांच्या पट्ट्यांवर पाणी जाऊ नये म्हणून त्यांनी त्यावर कोरडा रुमाल धरला आणि माझं सगळं अंग पुसून काढलं. केस धुता येत नव्हते, तर ओल्या फडक्यानं बटा-बटांनी पुसले आणि घट्ट वेणी घातली. मध्ये एकदा टॉवेल पिळताना जावेला ओरडून सांगितलं, "तू पाय हालवू नको वं, मी आलीच." मग पुन्हा माझ्या पाठीकडे वळल्या. त्यांचे हात खरखरीत होते. पण त्या हातांना माझं अंग पुसताना काही वाटत नव्हतं. किळस नव्हती, उपकाराचा भाव नव्हता, घाईही नव्हती. लहानपणानंतर मला कुणी असं न्हाऊमाखू घातलं नव्हतं. मी डोळे मिटले. तोवर घट्ट आवळून धरलेलं काहीतरी माझ्या आत सैल पडलं, आणि मी त्या अनोळखी बाईच्या खांद्यावर डोकं टेकवून मुसमुसत राहिले. त्यांनी रडू दिलं. विचारलं काहीच नाही.

हा साक्षात्कार होता असं मी म्हणत नाही. मला कुणी तेजोवलय दिसलं नाही, धुपाचा वास आला नाही. डेटॉलचा आला. पण देवीचं नाव त्या बाईच्या तोंडी त्याच क्षणी का यावं, आणि तेही आंघोळीवरून, हे मला आजही सांगता येत नाही. माझ्या आईबद्दल मी त्यांना एक शब्दही सांगितला नव्हता. मी देवीसमोर उभी राहून जे मागून आले होते, त्याचं उत्तर असं इतक्या साध्या आवाजात मिळेल असं मला वाटलं नव्हतं. आणि ते उत्तर 'नाही' असं होतं.

हे डबा घेऊन आल्यावर मी सगळ्यात आधी फोन मागितला. वहिनीनं उचलला. मी तिला म्हटलं, "वहिनी, आईच्या अंगावर पहिला तांब्या घालताना तिला नद्यांची नावं लागतात. तुम्हीच सुरुवात करा. पूर्णेपासून करा, गंगेची वाट बघू नका." मग आईला फोन द्यायला सांगितला.

"आई, मला आज एका बाईनं आंघोळ घातली."

"कोन बाई?"

"माझ्या कुणी नाहीत त्या. शेजारच्या खाटेकडच्या."

आईनं विचारलं, "लाज वाटली का तुले?"

"हो. खूप. मग गेली."

"हाव का," आई म्हणाली. मग पुन्हा, "बरं वाटलं का पन?"

"हो आई. बरं वाटलं. तू पण वहिनीकडून करून घे. माझी वाट नको बघू. मला वेळ लागेल."

ती हो म्हणाली नाही. पण संध्याकाळी दादाचा फोन आला. वहिनीनं न्हाणीच्या दाराबाहेरून पूर्णेचं नाव घेतलं, पेढीचं घेतलं, आणि पुढचं तिला आठवेना. आतून आई म्हणाली, "मोर्णा राह्यली," आणि कडी काढली.

मी घरी निघाले त्या सकाळी वच्छलाबाई जावेच्या तपासणीसाठी तिला खाली घेऊन गेल्या होत्या. हे गाडी लावून वाट बघत होते, मी म्हटलं, टाके काढायला येऊ तेव्हा भेटूच. टाके काढायला गेले तेव्हा ती खाट रिकामी होती. त्यांचं गाव कोणतं, आडनाव काय, मी विचारलंच नव्हतं. दर्यापूरकडची गावं काही थोडी नाहीत. साडी-चोळी देऊन त्यांच्या पाया पडायचं होतं, ते राहून गेलं.

पुढचे महिने संथ गेले. पट्टा सुटला तेव्हा हात वाळलेल्या फांदीसारखा झाला होता. फिजिओथेरपीची मुलगी हात खाली सोडून घड्याळाच्या लंबकासारखा हलवायला लावायची, भिंतीवर बोटं चढवायला लावायची. खांदा फार हळू सुटत होता. प्रवासाची परवानगी मिळाली तशी मी शनिवारी-रविवारी अमरावतीला जायला लागले. आईच्या अंगावरचं पुरळ गेलं होतं. चेहरा भरला होता. सकाळी वहिनी तिला न्हाणीत न्यायची तेव्हा मी बाहेर खुर्ची टाकून बसायची. आतून दोघींचा आवाज यायचा. आई सांगायची, थोडं गरम टाक, पाठीले जोरानं घास. वहिनी म्हणायची, घासते, पण तुम्ही हलू नका. वहिनीशी आई आता माझ्याशी बोलायची तसं बोलत होती. मला आनंद व्हायचा. आणि कुठेतरी खुपायचंही. ते खुपणं कधी पूर्ण गेलं नाही. सोडून देणं एकदा केलं की झालं असं मला वाटलं होतं. ते दर रविवारी नव्यानं करावं लागत होतं.

दुपारी आई माझा दुखरा हात मांडीवर घेऊन बसायची. तिला उजव्या हातानं चोळता यायचं. दादानं माझ्यासाठी दाराला दोरी आणि कप्पी टांगली होती, एका हातानं ओढून दुसरा वर न्यायचा. आई म्हणाली, मले बी करू दे. तिचा डावा हात दोरीच्या मुठीला वहिनीनं बांधून दिला, आणि आम्ही दोघी आळीपाळीनं दोरी ओढत बसायचो. कुणाचा हात जास्त वर जातो यावर आई भांडायची. "तुह्यापेक्षा माहाच वर गेला," असं ती अगदी खात्रीनं सांगायची, आणि कधी कधी ते खरंही असायचं. हिवाळ्यापर्यंत मी तिला पुन्हा अकोल्याला नेणार होते. तसं ठरलंच होतं. ती म्हणायची, "पाहू. आदी हात बरा होऊ दे."

हिवाळा लागायच्या आधीच ती गेली. मी नववीच्या वर्गावर शिकवत होते, शिपाई बोलवायला आला. त्या सकाळी वहिनीनं तिला न्हाऊ घातलं होतं, डोक्यावरून. केस वाळवायला अंगणात उन्हात बसवलं होतं. वहिनी चहा घेऊन आली तेव्हा आईनं मान टाकली होती. मी पोचले तेव्हा नातेवाईक जमले होते. तिला शेवटची आंघोळ घालायची वेळ आली तेव्हा कुणीतरी म्हणालं, लेक आलीय ना, पहिलं पाणी लेकीच्या हातचं. मला वाट करून दिली. तांब्या मी उजव्या हातात घेतला. उचलला गेला असता. थरथरत का होईना, उचलला गेला असता. किती महिने मी त्याच एका गोष्टीची वाट बघत होते. पण आईचा चेहरा बघितला आणि माझ्या तोंडून निघून गेलं, "वहिनी, तुम्ही घाला. तिला तुमच्या हातची सवय आहे."

वहिनीनं माझ्याकडे बघितलं. तिचे डोळे सुजले होते. तिनं तांब्या घेतला आणि पाणी घालताना हळूच नावं घ्यायला लागली. सगळी तिला आता पाठ होती. मी डाव्या हातानं आईचं डोकं धरून बसले.

लोक म्हणतात काळ गेला की खंत कमी होते. माझी झालेली नाही. मला आईला आणखी एकदा, एकदाच, निवांत न्हाऊ घालायचं होतं. ते देवीनं दिलं नाही, आणि तिच्याकडे आता मी त्याचं कारण मागत नाही. पण वाईट वाटायचं थांबत नाही. श्रद्धा असली म्हणजे दुःख होत नाही, असं मी कुणाला सांगू शकणार नाही. एवढंच सांगू शकते की आई शेवटी ओशाळत, खोटी थंडी सांगत, कडी लावून गेली नाही. ती स्वच्छ अंगानं, ओल्या केसांनी, उन्हात बसून गेली. मी जे मागितलं होतं ते मिळालं असतं तर तसं झालं नसतं. ज्या हातांपासून तिला लांब ठेव म्हणून मी देवीला विनवलं होतं, त्याच हातांनी देवीनं तिला सांभाळलं. माझं मागणं तिनं मोडलं, याबद्दल मी तिचे उपकार कसे फेडू?

मागच्या महिन्यात वहिनीचं मोतीबिंदूचं ऑपरेशन झालं. डोळ्यात पाणी जाऊ द्यायचं नव्हतं, त्यामुळे तिला केस धुता येत नव्हते. मी अमरावतीला गेले. अंगणात खुर्ची ठेवली, तिच्या मागे बादली ठेवली आणि तिला मान मागे टाकायला सांगितलं. वहिनी लाजली. "राहू द्या ना ताई. तुमचा हात दुखेल. मी थांबते अजून चार दिवस." माझा हात आता बराच वर जातो. आईपुरता उशीर झाला, पण जातो. मी नुसता तळहात तिच्या डोक्याखाली धरून थांबले. ती मान ताठ ठेवून होती. मग हळूहळू तिनं डोळे मिटले, आणि तिच्या डोक्याचा सगळा भार माझ्या हातात आला.